'क्ष'ची किंमत काढून करायचंय काय?

प्रश्न : पुढच्या वर्षी विषय निवडायचेत. गणित सोडलं तर काय बिघडणारे? माझा दादा नोकरी करतो, तो म्हणतो 'क्ष'ची किंमत त्याला आजवर एकदाही काढावी लागली नाही. मग एवढं घासून फायदा काय?

उत्तर : दादा खरं बोलतोय. मलाही शाळा सुटल्यापासून त्रिकोणमितीतले साइन-कॉस कधी लागले नाहीत, उगाच लागले म्हणून सांगत नाही. पण दादाला एक विचार, त्याने कधी लोन घेतलंय का? समजा ३ वर्षांचं लोन आहे आणि समोरचा म्हणतो 'फक्त १० टक्के फ्लॅट'. ऐकायला बरं वाटतं. आता फ्लॅट म्हणजे तिन्ही वर्षं व्याज पूर्ण मूळ रकमेवर, आणि आपण तर दर महिन्याच्या हप्त्यातून मुद्दल फेडत असतो, म्हणजे सरासरी बघितलं तर निम्म्याच्या आसपासच रक्कम आपल्याकडे राहते. घटत्या शिल्लकीवर मोजलं तर तोच दर जवळपास १८ टक्के निघतो! कुणी खोटं बोललं नाही हं, फक्त टक्के कशाचे ते मोघम ठेवलं. आणि हे १८ काढायला जे समीकरण मांडतात ना, त्यात माहीत नसलेला जो दर असतो, तोच तो दादाचा क्ष. त्याने काढला नाही, त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी काढला एवढंच.

दुसरं एक सांगतो, हे मला स्वतःला फार आवडतं. समजा एखादा आजार १००० माणसांत एकालाच होतो, आणि त्याची टेस्ट ९९ टक्के अचूक आहे. तुझी टेस्ट पॉझिटिव्ह आली. आजार असण्याची शक्यता किती? बहुतेक लोक पटकन ९९ म्हणतात, भलेभले म्हणतात. आता १००० जणांची टेस्ट केली असं धर. खरा आजारी १, तो सापडेल. उरलेले ९९९ धडधाकट, पण त्यांच्यातल्याही १ टक्क्याची, म्हणजे साधारण १० जणांची टेस्ट चुकून पॉझिटिव्ह येणार. म्हणजे पॉझिटिव्ह ११ आणि खरा आजारी त्यातला एक, शक्यता ९ टक्के! म्हणून तर डॉक्टर पुन्हा दुसरी टेस्ट करायला सांगतात. यात भागाकारापलीकडे काही नाही, पण 'किती जणांपैकी?' हे विचारायचं सुचावं लागतं, आणि ते सुचणं सवयीने येतं.

आता करिअरचं. इंजिनिअरिंग वगैरे सगळ्यांना माहितीये, ते सोडून देऊ. एआयचं एवढं ऐकतोस, त्याच्या पोटात मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकोनी तक्ते), डेरिव्हेटिव्ह (बदलाचा वेग) आणि प्रोबॅबिलिटी (शक्यता) ठासून भरलीये. गेममधलं कॅरेक्टर वळतं ते व्हेक्टर (किती आणि कुठल्या दिशेला ते सांगणारी राशी) आणि त्रिकोणमितीवर (बघ, साइन-कॉस सापडले शेवटी). नर्सला औषधाचा डोस पेशंटच्या वजनावरून काढावा लागतो आणि तिथे दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. गवंडीकाका मोठ्या खोलीचा कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते बघायला एका बाजूला ३, दुसरीला ४ मोजतात आणि तिरकं अंतर ५ भरतंय का बघतात, तो पायथागोरसच झाला, नाव कुणी घेवो न घेवो.

आणि कुठलं गणित पुढे कुठे लागेल ते आधी कुणालाच सांगता येत नाही. हार्डी नावाच्या मोठ्या इंग्रज गणितज्ञाने १९४० मध्ये लिहून ठेवलं होतं की नंबर थिअरीचा (म्हणजे पूर्ण संख्यांचे, त्यातही मूळ संख्यांचे गुणधर्म शोधणाऱ्या गणिताचा) युद्धात उपयोग अजून कुणाला सापडलेला नाही, आणि त्याला ते बरंच वाटत होतं. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी त्याच मूळ संख्यांवर गुप्त संदेशाची पद्धत बसवली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण गुणाकारावरून त्या दोन परत शोधणं महाकठीण, एवढ्याच गोष्टीवर ते कुलूप उभं आहे. पुढे इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवायला तेच कामाला आलं.

तर सोडू नको असं माझं मत. चित्रकला किंवा भाषेत जीव रमत असेल तर खुशाल तिकडे जा, फक्त टक्केवारी, शक्यता आणि आलेख एवढं पक्कं करून जा.

प्रश्न : सगळं कॅल्क्युलेटर आणि ॲप करतंय, आता एआय पण आलंय. मग हाताने शिकायचं कशाला?

उत्तर : १९८३ मध्ये कॅनडात एका बोइंग ७६७ विमानाचं इंधन संपलं, तेही ४१ हजार फुटांवर, दोन्ही इंजिनं बंद. हिशोब हवा होता किलोत आणि लिटरचं वजन काढताना आकडा वापरला पौंडाचा, म्हणजे इंधन गरजेच्या निम्म्यापेक्षाही कमी भरलं गेलं. गुणाकार चुकला नव्हता, गुणलं भलत्याच आकड्याने. पायलटने विमान तरंगवत नेऊन गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि सगळे वाचले. मशीन दिलेल्या आकड्यांचंच उत्तर देणार, ते आकडे बरोबर आहेत का हे बघायला माणूसच लागतो. लांबलचक भागाकार पानंच्या पानं करायची गरज नाही, ते मलाही पटतं, पण उत्तर साधारण केवढं यायला हवं याचा अंदाज डोक्यात हवा.

प्रश्न : मुलीला गणित अजिबात जमत नाही. मलाही जमायचं नाही. घराण्यातच नाही म्हणायचं का?

उत्तर : ताई, हे वाक्य तिच्यासमोर बोलू नका, पहिली विनंती. मुलं ते मनावर घेतात आणि मग प्रयत्नच सोडतात. गणित एकावर एक रचलेलं असतं, त्यामुळे आज जिथे अडलंय तिथे बहुतेक वेळा दोष नसतोच, तो दोन-तीन इयत्ता मागे कुठेतरी असतो, आणि माझा पहिला संशय नेहमी अपूर्णांकांवर. तिला १/२ अधिक १/३ करायला सांगा. उत्तर २/५ आलं तर ओरडू नका, फक्त विचारा, अर्ध्यामध्ये आणखी काहीतरी घातलं, तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं गं? आणि गप्प बसा. ती स्वतःच डोकं खाजवेल. लगेच नाही सुचलं तर एक कागदाची पट्टी द्या आणि घड्या घालू द्या, सहा भाग करून त्यातले तीन आणि दोन रंगवले की ५/६ डोळ्यांनीच दिसतं. शेजारी बसून तुम्हीही एक पट्टी घ्या.