जुने विमान घेताना विकणाऱ्याच्या वार्षिक तपासणीवर विसंबून राहावे का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे: तुम्हाला खासगी वैमानिकाचा परवाना नुकताच मिळाला आहे, ह्यूस्टनजवळ विक्रीला असलेले १९७४ सालचे सेस्ना १७२ तुमच्या मनात भरले आहे, दोनच महिन्यांपूर्वी वार्षिक तपासणी झाल्याची नोंद मालक दाखवतो आहे, आणि असे असताना पदरचे दीड-दोन हजार डॉलर खर्चून पुन्हा तपासणी कशासाठी करावी, असे तुम्ही विचारता. मी अमेरिकेत विमानांच्या देखभालीचे काम करतो आणि खरेदीदारांसाठी अशा तपासण्याही करतो. माझे उत्तर स्पष्ट आहे: ही तपासणी जरूर करून घ्या आणि ती होईपर्यंत परत न मिळणारा विसार देऊ नका.

वार्षिक तपासणी एका वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते. एफएए या अमेरिकेच्या विमान-वाहतूक नियामक संस्थेने तपासणीचा अधिकार दिलेला मेकॅनिक त्या नोंदीखाली सही करतो तेव्हा विमान त्या दिवशी उड्डाणयोग्य होते, एवढेच तो सांगत असतो. पुढच्या शंभर तासांत इंजिन किती खर्च काढील किंवा मागितलेली किंमत रास्त आहे का, हे सांगणे त्याचे काम नव्हे. शिवाय त्याला विकणाऱ्याने नेमलेले असते आणि पुष्कळदा तो वर्षानुवर्षे तेच विमान पाहत आलेला असतो. मी त्याच्या सचोटीवर शंका घेत नाही, परंतु रोजच्या पाहण्यातल्या विमानाचे दोष नजरेला सवयीचे होतात. दुसरी अडचण अशी की खरेदीपूर्व तपासणीची व्याख्या एफएएच्या नियमांत कुठेही नाही. म्हणून काय काय उघडायचे आणि काय मोजायचे हे तुम्ही मेकॅनिकशी लेखी ठरवले नाही, तर विमानाभोवती मारलेली तासाभराची फेरीसुद्धा 'तपासणी' ठरू शकते.

सर्वांत मोठा धोका इंजिनात असतो. तुम्ही पाहिलेल्या विमानात कारखान्यातून लायकमिंग कंपनीचे १५० अश्वशक्तीचे ओ-३२० इंजिन आलेले असणार. ओव्हरहॉलसाठी, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करून पुन्हा जुळवण्यासाठी, लायकमिंग २,००० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी संपेल ते, अशी मर्यादा सुचवते. खासगी मालकावर ती कायद्याने बंधनकारक नाही, आणि नेमका याचाच फायदा जाहिरातींत घेतला जातो: 'ओव्हरहॉलनंतर केवळ ६०० तास' असे लिहिलेले असते, पण ते ओव्हरहॉल पंचवीस वर्षांपूर्वीचे असल्याचे लॉगबुक, म्हणजे देखभालीची नोंदवही, उघडल्यावरच कळते. कमी तास हे अशा वेळी गुण नसून दोषाचे लक्षण असते. या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, क्रँकशाफ्ट या मुख्य फिरत्या दांड्याच्या वर बसवलेला असतो, त्यामुळे इंजिन महिनोन्महिने बंद राहिले की त्याच्यावरचे तेल निथळून जाते आणि दमट हवेत उघड्या पोलादावर गंज धरतो. ह्यूस्टनच्या हवेत हे व्हायला फार काळ लागत नाही. पुढे विमान उडू लागले की गंजलेल्या जागी कॅम (कॅमशाफ्टवरचे उंचवटे) आणि त्यांवर टेकणारे टॅपेट यांचे पृष्ठभाग सोलून निघतात आणि पोलादाचा बारीक चुरा तेलात उतरतो.

वाईट गोष्ट अशी की कॉम्प्रेशन चाचणीत यातले काहीच दिसत नाही. ८० पीएसआय दाबाची हवा सिलिंडरमध्ये सोडून किती टिकते ते पाहिले जाते, आणि त्यावरून झडपा व रिंगा यांची अवस्था कळते. कॅमशाफ्टचा त्या चाचणीशी संबंधच नाही. चारही सिलिंडर ७६/८०, म्हणजे ८० पैकी ७६ दाब टिकल्याचे, दाखवत असताना आतला कॅम निकामी झालेला असू शकतो. किनाऱ्याजवळच्या हँगरमध्ये बरीच वर्षे उभे असलेले एक विमान असेच विकले गेले आणि नव्या मालकाने पहिल्याच तेलबदलासाठी ते माझ्याकडे आणले. मी फिल्टर कापून त्यातला कागद उलगडला, तर घड्यांमध्ये चुंबकाला चिकटणारे कण चमकत होते. वार्षिक तपासणीची नोंद अगदी ताजी होती. पूर्ण ओव्हरहॉलचा खर्च आज तीस हजार डॉलरच्या वर सहज जातो, आणि विमान 'आहे त्या स्थितीत' विकल्याचे करारात लिहिलेले असल्यामुळे तो सगळा खरेदीदारावर पडला. म्हणूनच तुमच्या मेकॅनिकने फिल्टर कापून पाहावा, बोरोस्कोपने, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, झडपा व सिलिंडरच्या भिंती पाहाव्यात, आणि गेल्या पाच-सहा वर्षांत दरवर्षी किती तास उड्डाण झाले ते लॉगबुकातून काढावे, असा माझा आग्रह आहे.

कागदपत्रांची तपासणी लोकांना कंटाळवाणी वाटते, पण मी स्वतः सुरुवात तिथूनच करतो. आपल्याकडे जमीन घेताना सातबाऱ्यावर बोजा आहे का ते पाहतात, तसेच विमानाचेही पाहावे लागते. नोंदणी क्रमांकावरून विमानाची सगळी कागदपत्रे ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या नोंदणी कार्यालयातून मागवता येतात. मालकीची साखळी, कर्जाचे बोजे आणि मोठ्या दुरुस्त्यांचे ३३७ क्रमांकाचे फॉर्म त्यांत असतात. हे फॉर्म लॉगबुकाशेजारी ठेवून वाचावेत. पंख बदलल्याचा फॉर्म आहे पण लॉगबुकात त्या वर्षी अपघाताचा उल्लेखही नाही, किंवा प्रोपेलर अचानक बदलला गेला आहे पण का ते लिहिलेले नाही, अशा विसंगतींमधून विमानाचा खरा इतिहास समजतो. प्रोपेलर जमिनीवर आपटला असेल, तर लायकमिंग इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचा गिअर व त्याचा बोल्ट तपासणे २००४ च्या एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हने, म्हणजे एफएएच्या सक्तीच्या सुरक्षा-आदेशाने (आमच्या बोलण्यातल्या 'एडी'ने), सक्तीचे केले आहे. अशा प्रत्येक एडीची पूर्तता झाली आहे हे पाहण्याची प्राथमिक जबाबदारी नियमांनुसार मालकाची असते. विमान तुमच्या नावावर झाले की आधीच्या मालकाने सोडून दिलेले कामही तुमचेच होते.

सांगाड्यातला क्षय डोळ्यांना दिसत नाही, हे २०१८ साली फार मोठी किंमत मोजून सिद्ध झाले. त्या वर्षी ४ एप्रिलला फ्लोरिडातल्या डेटोना बीच येथे एम्ब्री-रिडल विद्यापीठाच्या पायपर पीए-२८ जातीच्या विमानाचा डावा पंख उड्डाणानंतर लगेच हवेतच तुटला आणि विद्यार्थी व परीक्षक दोघेही मृत्युमुखी पडले. पंखाचा भार पेलणाऱ्या मुख्य तुळईच्या, म्हणजे स्पारच्या, खालच्या पट्टीत, बोल्टच्या भोकापाशी, धातूच्या थकव्यामुळे भेग वाढत गेली होती, आणि ती जागा नेहमीच्या पाहणीत झाकलेली राहते. त्यानंतर अशा अनेक पायपर विमानांसाठी ती भोके एडी करंट पद्धतीने, म्हणजे धातूत विद्युतप्रवाह निर्माण करून भेगा शोधण्याच्या पद्धतीने, तपासणे सक्तीचे झाले. नाव सारखे असले तरी त्या पद्धतीचा वर सांगितलेल्या एडीशी संबंध नाही. तुमच्या सेस्नाची रचना वेगळी आहे, तिच्या पंखांना खालून आधाराच्या दांड्या आहेत. पण पन्नास वर्षांचे ॲल्युमिनियम हे पन्नास वर्षांचेच असते, आणि त्या काळच्या बहुतेक सेस्नांना आतून गंजरोधक लेप दिलेला नसे. पंखांतली झाकणे उघडून, केबिनमधला गालिचा उचलून आणि शेपटीच्या पोकळीत दिवा धरून पांढरी भुकटी किंवा फुगलेला रंग शोधायला हवा. सीटच्या रुळांची झीजही मोजून घ्यावी, कारण उड्डाणाच्या क्षणी सीट मागे सरकल्याने अपघात झालेले आहेत. रेडिओ आणि विमानाचे स्थान प्रसारित करणारी एडीएस-बी यंत्रणा चालू आहे का, हे चाचणी-उड्डाणात कळेलच.

प्रत्यक्षात असे करा. आधी लॉगबुकांची सगळी पाने स्कॅन करून मागवा. ती वाचूनच कित्येक सौदे तिथल्या तिथे थांबतात. मेकॅनिक तुम्ही निवडा, तो सेस्ना जाणणारा असावा आणि त्या विमानावर त्याने आधी काम केलेले नसावे. त्याला सुरुवातीलाच सांगा की ही वार्षिक तपासणी नाही, कारण त्या नावाने काम सुरू करून गंभीर दोष सापडला तर त्याला तशी नोंद करावी लागते आणि मालकाचे विमान तुमच्या सौद्यामुळे अडकून पडते. आधी इंजिन आणि गंज पाहू द्या. सर्व ठीक निघाले आणि दोघांचीही तयारी असली, तर तेच काम पुढे नवी वार्षिक तपासणी म्हणून पूर्ण करता येते. सापडलेल्या दोषांचा खर्च कोणी उचलायचा आणि कोणत्या दोषावर विसार परत मिळेल, हे विमान उघडण्यापूर्वी कागदावर असू द्या.

एका बाबतीत मात्र मी विकणाऱ्याची बाजू घेईन. कॅम डोळ्यांनी पाहायचा तर एक सिलिंडर उतरवावा लागतो, आणि चालते इंजिन असे उघडण्यात स्वतःची जोखीम असते, म्हणून त्याने नकार दिला तर लगेच संशय घेऊ नका. पण फिल्टर कापायला किंवा लॉगबुक द्यायलाच तो तयार नसेल, तर दुसरे विमान शोधा. सेस्ना १७२ बाजारात नेहमीच विक्रीला असतात.