पैसे आले की नाही, हे आईला कसं कळणार?

प्रश्न : आई सांगलीत भाजी विकते. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे, पाटीवरचा क्यूआर कोड माझ्या खात्याचा. गर्दीत गिऱ्हाईक ‘पाठवले’ म्हणून स्क्रीन दाखवतं नि जातं. रात्री हिशेब जुळत नाही. कोड काढून टाकू का? – एक वाचक

उत्तर : काढू नका, ताई. सुट्ट्या पैशांच्या अडचणीपायी गिऱ्हाईक शेजारच्या पाटीकडे वळेल. दुसऱ्याच्या स्क्रीनवर मात्र यापुढे विसंबू नका. हुबेहूब हिरवी खूण दाखवणारी बनावट अ‍ॅप आहेत. आवाजात रक्कम सांगणारा साउंडबॉक्स घ्या, मराठी बोलणारा. त्यात स्वतःचं सिम असतं, त्यामुळे आईच्या फोनने काही अडत नाही. भाडं किती, ते आधीच विचारा.

आणि कोड आईच्याच खात्याचा करा. तुम्ही हे विचारलं नाहीत, पण मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पहाटे माल ती आणते, उन्हात ती बसते. कमाईवर नाव तिचंच हवं. साध्या फोनवर चालणारं यूपीआय १२३पे २०२२ पासून आहे. शिल्लक ती स्वतः पाहू शकेल.

सकाळी दुकान मांडताना कोडवर कुणी दुसरा कागद चिकटवला नाही ना, हे बघायला सांगा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हेही तिला पक्कं ठाऊक हवं. फसवणुकीत खात्यातून पैसे गेलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.