लहान शहरात घर आणि प्लॉट असेल तर घरपट्टी भरण्यापलीकडे नगरपरिषदेच्या कशावर लक्ष ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांमागे तालुक्याच्या गावचं घर आणि एक मोकळा प्लॉट तुमच्याकडे आलाय, तुम्ही नोकरीसाठी पुण्यात असता, घरपट्टी वेळेवर ऑनलाइन भरता, मग आणखी काय बघायचं? माझंही बरंचसं असंच आहे, म्हणून अनुभवातून सांगतो. रस्ते, गटारं, कचरा यांबद्दल शेजारी ओरडतातच, ते तुमच्यापर्यंत पोचेल. पोचत नाहीत त्या हरकतींच्या नोटिसा. नगरपरिषद त्या फलकावर लावते, स्थानिक पेपरात छापते आणि मुदत सुरू होते. बाहेरगावचा मालक मार खातो तो इथेच.

पहिली नोटीस चतुर्वार्षिक फेरआकारणीची, म्हणजे दर चार वर्षांनी घरपट्टी नव्यानं ठरवतात तिची. नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा. बऱ्याच ठिकाणी घराला वर्षाला किती भाडं येऊ शकेल ते धरतात, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर लावतात. म्हणजे सगळा खेळ मोजमाप, बांधकामाचा प्रकार आणि वापर या तीन रकान्यांचा. आमच्याकडे मोजणीला एजन्सीची दोन पोरं आली तेव्हा घराला कुलूप होतं. त्यांनी बाहेरूनच अंदाज घेतला. रस्त्याकडच्या खोलीला आजोबांच्या वेळचं शटर आहे, ते बघून 'वाणिज्य' लिहून मोकळे झाले. मला कळलं ते यादीत कर जवळपास दुप्पट दिसला तेव्हा. सुदैवानं शेजारच्या काकूंनी फलकावरच्या त्या यादीचा फोटो पाठवला होता आणि हरकतीची मुदत संपायला चार दिवस उरले होते.

सुनावणीला नगररचना विभागाचे साहेब होते. मी घरगुती मीटरची वीजबिलं आणि खोलीचे फोटो नेले. ते म्हणाले, "धंदा नाही तर शटर कशाला ठेवलंय?" मी म्हटलं, "साहेब, गंजून बसलंय, वरच जात नाही. आत आईची जुनी कपाटं आहेत." फोटो मोठा करून पाहिला, हसले आणि 'निवासी' करून दिलं. मग आकारणीचा उतारा नीट वाचला तर जिना दोन्ही मजल्यांत धरलेला. तेही कमी झालं. उतारा मागितलाच नसता तर जिन्याचे पैसे पुढची चार वर्षं भरत बसलो असतो. त्यामुळे बिलावर समाधान मानू नका, आकारणीचा उतारा मागा आणि टेप घेऊन ताडून बघा.

हरकत घेतली म्हणून कर थांबवायचा मात्र नाही. थकलेल्या घरपट्टीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४. कुठलीही बँक एवढं व्याज देत नाही. शास्ती माफ करणारी अभय योजना येईल म्हणून वाट बघणारे आमच्या गल्लीत दोघे आहेत. त्यांचा हिशेब मला अजून कळलेला नाही.

आता प्लॉट. खरी काळजी मला तिथली वाटते, कारण घरपट्टी चुकली तर हजारांत जाते, प्लॉट आरक्षणात गेला, म्हणजे मैदान, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवला, तर सगळंच अडकतं. शहराची विकास योजना, म्हणजे लोक ज्याला डीपी म्हणतात, ती १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली होते आणि निदान २० वर्षांतून एकदा तिची सुधारणा करावी लागते. प्रारूप नकाशा प्रसिद्ध झाला की हरकती मागवतात. माझ्या चुलत काकांच्या प्लॉटवर त्या नकाशात हिरवा रंग होता, वर आरक्षणाचा क्रमांक आणि 'खेळाचे मैदान'. काकांना पत्ताच नाही. गिऱ्हाईक ठरलं, विसार घेतला, आणि गिऱ्हाइकाच्या वकिलानं झोन दाखला (योजनेत जमीन कशासाठी दाखवली आहे त्याचा दाखला) मागितला तेव्हा उघड झालं. विसार परत द्यावा लागला.

आरक्षण पडलं म्हणजे जमीन गेली असं नाही, पण सुटायलाही वेळ लागतो. याच कायद्याचं कलम १२७ असं सांगतं: अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकानं 'जमीन खरेदी करा' अशी नोटीस पालिकेला द्यायची. त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. पूर्वी ही २४ महिन्यांची मुदत कमी होती, २०१५ च्या दुरुस्तीनं वाढली. नोटिशीसोबत मालकीची कागदपत्रं जोडावी लागतात. काकांची पहिली नोटीस याच कारणावरून परत आली, कारण उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव होतं. मधल्या काळात पालिकेकडून पैशांऐवजी टीडीआर (दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क) घ्या असं सुचवलं जाईल. मोठ्या शहरात ठीक आहे, पण जिथे तीन मजल्यांवर कुणी बांधत नाही तिथे तो टीडीआर विकत घेणार कोण? माझं मत विचाराल तर लहान गावात मोबदला रोखीतच मागावा.

नावाचा विषय निघालाच आहे तर तुमचंही बघून घ्या. घरपट्टीच्या पावतीवर तुमचं नाव आलं म्हणजे मालकी तुमची झाली, असा गैरसमज घरोघरी आहे. पालिकेची नोंद कर कुणाकडून घ्यायचा यासाठी असते. मालकीसाठी नगर भूमापनचं मालमत्ता पत्रक बघतात, आणि तिथे नगर भूमापन झालेलं नसेल तर सातबारा. वडील गेल्यावर आम्ही पालिकेत नाव लावलं आणि निवांत झालो. चार वर्षांनी बँकेनं कर्जाच्या वेळी मालमत्ता पत्रक मागितलं तर त्यावर वडीलच. वारस नोंद, बहिणींच्या सह्या, सगळं घाईत करावं लागलं. बहिणी समजूतदार म्हणून निभावलं.

पाणीपट्टी, नळाचं कनेक्शन, शेजाऱ्यानं सोडलेलं किंवा न सोडलेलं सामासिक अंतर (बांधकामाभोवतीची मोकळी जागा), हे वर्षातून एकदा जाऊन डोळ्यांनी बघितलं की पुरतं.

कुठलाही अर्ज दोन प्रतींत करा आणि आवक खिडकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. आमचा एक अर्ज 'मिळालाच नाही' होता, क्रमांक दाखवल्यावर दहा मिनिटांत सापडला. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा आधी नगररचना विभागात प्लॉटचा सर्व्हे नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशातला आपल्या प्लॉटचा तुकडा) मागा. आरक्षण निघालं तर अंतिम योजना कोणत्या तारखेला अमलात आली तेही लेखी घ्या. १० वर्षं त्याच तारखेपासून मोजायची आहेत.