हप्ता मागणारी एफडी आणि दोन पिस्टनचं कोटेशन

वाचकाचं पत्र, थोडं कापून:

"वय ५७. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपला, ओतकामाचे नमुने करायला आहे, पुढच्या मेमध्ये रिटायर होणार. वडिलांचा १९७१ चा तीनचाकी टेम्पो, ज्याला लोक डुक्कर म्हणायचे तो, दारात उभा आहे. मागं कधीतरी त्यात एका सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलं. हेडलाइट, ब्रेक, मागचा एक्सल हेही दुसऱ्या कशाचे तरी आहेत. मेस्त्रीनं मूळ रूपात आणायचं २ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलंय. विंटेज नोंदणी झाली की दहा लाखांना मागतील, तोवर लग्नाच्या फोटोशूटला भाड्यानं द्या, असं तो म्हणतो. मिसेसच्या सोन्यावर कर्ज काढू, की बँकेतली ३ लाखांची एफडी मोडू? गेल्या वर्षी केली, दहा वर्षांत डबल आहे. त्या मॅडमचा फोन आला होता, २० तारखेच्या आत दुसरा हप्ता भरा म्हणून. पीएफचे २२ लाख येतील, पेन्शन पाचएक हजार. घरखर्च महिना २५ हजार. नाव छापू नये. – वाचक, कसबा बावडा"

टेम्पो जिथं आहे तिथं राहू दे. आधी त्या मॅडमचा फोन.

अहो, एफडीला हप्ता नसतो. पैसे एकदा ठेवायचे, मुदत संपली की घ्यायचे. दुसऱ्या वर्षी पुन्हा ३ लाख मागते ती विमा पॉलिसी. तुम्ही सहीला बसलात बँकेत, टेबलापलीकडची मॅडम बँकेची, कागद मात्र विमा कंपनीचा. आज घरी गेल्यावर ती फाइल काढा. पॉलिसी बाँडवर 'प्रीमियम भरण्याचा कालावधी' अशी ओळ असेल. तिथं १० वर्षे असतील, तर ते 'दहा वर्षांत डबल' नाही, दहा वर्षं दरसाल ३ लाख आहे.

म्हणजे ३० लाख. तुमचा सगळा पीएफ २२ लाख.

हिशेब पुढं नेऊ. रिटायर झाल्यावर खर्च वर्षाला ३ लाख, हप्ता ३ लाख. पेन्शनचे ६० हजार वजा केले तरी दरसाल ५ लाख ४० हजार बाहेर. २२ लाखांवर व्याज धरूनही त्रेसष्टीच्या आसपास पीएफ संपतो, आणि तेव्हाही तीन हप्ते बाकी. एवढं करून अशा पारंपरिक पॉलिसीतून हातात पडतं ते बहुधा वर्षाला ५-६ टक्के. दोनेक वर्षांत रिटायर होणाऱ्या माणसाला दहा वर्षांचा हप्ता विकताना प्रपोजल फॉर्मवर उत्पन्न किती आणि निवृत्तीचं वय काय लिहिलं होतं, हे मला फार बघायचंय. तुम्हीही बघा. तिथं खोटा आकडा निघाला, तर तक्रारीत तोच सगळ्यात आधी घाला.

दुसरा हप्ता भरू नका. सोन्यावर कर्ज काढून तर नाहीच. पगाराच्या खात्यातून आपोआप कपात होण्याच्या फॉर्मवरही त्या दिवशी सही झाली असेल. बँकेत जाऊन ती लेखी बंद करा आणि पोच घ्या. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, त्यामुळे २० तारखेची घाई त्या मॅडमची आहे, तुमची नाही.

पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत केव्हाच गेली. पण ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार वर्षभराचा हप्ता भरून पहिलं वर्ष पुरं झालं की काही सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर मिळणारी रक्कम, द्यावंच लागतं. आकडा कंपनीकडून लेखी मागा. त्याच वेळी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे 'एफडी सांगून विमा विकला' अशी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. पूर्ण रक्कम परत मिळेल असं मी सांगणार नाही. समजा दीड लाख बुडाले. बुडालेल्या दीड लाखासाठी आणखी २७ लाख भरणार का?

हप्ता थांबला की बाकीचं सोपं आहे. साठीच्या आत रिटायर झालात तरी ज्येष्ठ नागरिक बचत योजना चालते, फक्त निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत भरायचे. सध्या ८.२ टक्के व्याज. २२ लाखांवर वर्षाला १ लाख ८० हजार, पेन्शनचे ६० हजार, एकूण २ लाख ४० हजार. खर्च ३ लाख. तूट महिन्याला पाच हजार. पॅटर्नचं काम येणाऱ्या माणसाला ती कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत सुटं काम करून भरून काढता येईल.

आता टेम्पो. मेस्त्रीचं कोटेशन म्हणजे तुमची चार वर्षांची तूट, हे आधी लक्षात घ्या.

आणि ते कोटेशन तुम्ही नीट वाचलंय का? सोबतच्या फोटोत मला दोन पिस्टन, कार्बोरेटर आणि स्पार्क प्लग दिसले. तुमचा टेम्पो हॅन्सिट मॉडेलचा, त्याचं मूळ इंजिन दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक पेट्रोल. तुमच्या गाडीत आहे एका सिलिंडरचं डिझेल. त्याला कार्बोरेटर नसतो, प्लग नसतो! मेस्त्रीनं एकतर गाडीचं बॉनेट न उघडता यादी केलीय, नाहीतर अख्खं जुनं इंजिन शोधून आणायचा त्याचा बेत आहे आणि ते त्यात लिहिलेलं नाही. ते मिळालं नाही तर अॅडव्हान्स परत कोण देणार?

दहा लाखांचं स्वप्नही सोडा. २०२१ च्या केंद्रीय नियमांत विंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची दुचाकी किंवा चारचाकी, तीही इंजिन-चॅसीत मोठा बदल न झालेली. तुमची गाडी तीन चाकांवर आहे आणि इंजिन बदललेलं आहे. शिवाय विंटेज नोंदणीची गाडी धंद्याला लावता येत नाही, मग फोटोशूट कसलं? फिटनेस आणि विमा नसताना नवरानवरीला बसवून रंकाळ्यावर गाडी कलंडली, तर भरपाई पीएफमधून. इंजिनाचा बदल आरसीवर चढवलाय का, तेही आरटीओत बघा.

पण गाडी विकू नका, असं मी म्हणेन. १९५८ साली बजाज टेम्पो निघाली, जर्मन बनावटीची ही गाडी इथं बनू लागली, आणि आजही आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो ते तिच्यामुळं. पुढचं चाक ओढणार, मागची दोन नुसती मागं येणार. वडिलांची आहे, डिझेलवरच राहू दे.

पार्ट शोधण्याआधी गाडीवर काय आहे ते ओळखा. चॅसी नंबर घासून आरसीशी ताडा. बेअरिंग काढलं की बाजूला नंबर दिसतो: ६२०४ असेल तर आतला व्यास २० मिलिमीटर, ६२०५ असेल तर २५. ते कुठल्या गाडीचं, हे दुकानदाराला सांगावं लागत नाही. ऑइल सील तीन मापांवर मिळतो: शाफ्ट, बाहेरचा व्यास, जाडी. ब्रेक शू जुनेच ठेवून त्यांना नवं लायनर बसतं. बुश लेथवर काढून घ्या. आणि कोटेशनमधला ब्रेक ड्रम मुंबईहून १८ हजारांना? तुम्ही आयुष्य पॅटर्न शॉपमध्ये काढलंत. नमुना करून ड्रम ओतून घ्या; बिडाला श्रिंकेज, म्हणजे गार होताना आकसणं, किती धरायचं हे मी सांगायचं तुम्हाला?

मेपर्यंत पगारातून महिना तीन हजार, त्याच्या वर नाही. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आधी; रंग सगळ्यात शेवटी. वहिनींचं सोनं कपाटात राहू दे.

इंजिनावरच्या रंगाची पुटं खरवडून नंबर सापडला तर मलाही कळवा. उद्यमनगरातल्या कुठल्या कारखान्याचं निघतंय ते बघायचंय. पण त्याआधी त्या प्रपोजल फॉर्मचा फोटो पाठवा.