रात्रपाळी एकटीचीच का?

*ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. सहा महिन्यांचा असल्यापासून त्याला इसब आहे. रात्री दोन-तीनदा उठून रक्त येईपर्यंत खाजवतो. मी त्याचे हात धरून बसते. ह्यांची सकाळची ड्यूटी, म्हणून हे बाहेरच्या खोलीत झोपतात. मलमात स्टेरॉइड आहे म्हणून मी ते दोन दिवस लावून बंद करते. सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना लोणची खाल्लीस त्याचं हे फळ. परवा पहाटे तीनला मी त्याच्या हातावर जोरात चापट मारली. तो रडला नाही, नुसता बघत राहिला. मला माझीच भीती वाटायला लागली आहे.*
*– एक आई, नाशिक*

अगं, चापट मारायला नको होती, आणि हे तुला माझ्याआधी कळलंय. त्याला जवळ घे आणि सांग, "आई चिडली होती, आईचं चुकलं." साडेचार वर्षांच्या पोराला एवढं समजतं.

आता तुझ्याकडे येऊ. चार वर्षं तू सलग झोपलेली नाहीस. कारखान्यातल्या माणसालासुद्धा रात्रपाळीनंतर साप्ताहिक सुट्टी मिळते. तुझी रात्रपाळी संपली की लगेच डबा आणि शाळेची बस. अशात पहाटे तीनला हात उठला, तर मला त्यात आईपणाचा दोष दिसत नाही, थकलेलं डोकं दिसतं. इसबाच्या मुलांचे आईबाप झोपेअभावी चिडचिडे, उदास होतात, हे त्वचारोगतज्ज्ञ रोज पाहतात. फक्त औषधाची चिठ्ठी मुलाच्या नावाची असते.

लोणच्यांचं म्हणशील तर मनातून काढून टाक. 2006 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असला तर त्वचेचं कुंपणच कच्चं राहतं. सगळ्याच मुलांत हेच कारण नसतं, पण असा दोष आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. हे सासूबाईंना सांगायचं की नाही, ते तू ठरव!

मलमाचं मात्र माझं ऐक. अर्धवट लावलं की खाज परतते, आणि त्या रात्री तूच जागतेस. किती दिवस लावायचं, कधी कमी करायचं, हे डॉक्टरांना स्पष्ट विचार आणि तेवढं लाव. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम मोठ्या माणसाच्याच, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. कोमट पाण्याची झटपट आंघोळ, अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. साबणाऐवजी बेसन चोळू नकोस. पाणी सुटलं, पिवळी खपली धरली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि नवरा. त्यांची ड्यूटी खरी, पण तुझी काय खोटी? आठवड्यातून दोन रात्री, शुक्रवार-शनिवार म्हण, पोराशेजारी ते झोपतील आणि बाहेरच्या खोलीत तू. मलम कसं लावायचं ते त्यांना आधीच दाखवून ठेव. पहिल्या रात्री पोरगं तुझ्यासाठी रडेल. उठू नकोस.

झोप मिळूनही रडू थांबेना, किंवा पुन्हा हात उठेल असं वाटलं, तर पोराला ह्यांच्याकडे देऊन खोलीबाहेर जा आणि 14416 लाव. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. पहाटे तीनलाही.

तुझी पहिली सुट्टीची रात्र कशी गेली, ते कळव.