कचेरीतील पत्रव्यवहार आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्यामुळे सदराची सर्व जागा त्या विषयाला देत आहे. पत्रलेखकांची व त्यांच्या कार्यालयांची नावे, त्यांच्या विनंतीनुसार, छापलेली नाहीत.

प्रश्न : स. न. वि. वि. मी वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतील एका इंजिनिअरिंग कारखान्यात खरेदी विभागात काम करते. घरी मराठी, खात्यात गुजराती, यंत्रांवर काम करणाऱ्यांशी हिंदी आणि ईमेल इंग्रजीत, असा आमचा रोजचा व्यवहार आहे. माझे ईमेल तुटक असतात आणि पुरवठादारांना ते उद्धट वाटतात असे साहेबांनी सांगितल्यापासून मी प्रत्येक ईमेल चॅटजीपीटीकडून लिहून घेते. भाषा सुधारली आहे, पण आता पुरवठादार एक तर उत्तरच देत नाहीत किंवा विचारले त्याला सोडून भलतेच लिहितात. माझे काय चुकते?

उत्तर : आपण नमुन्यादाखल पाठवलेला ईमेल वाचला. राजकोटच्या फाउंड्रीकडून आलेल्या ४०० कास्टिंगपैकी (ओतीव भागांपैकी) ३७ नगांत ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेल्या हवेच्या पोकळ्या, निघाले, ते गुरुवारपर्यंत बदलून हवेत, एवढाच खरा मजकूर आहे. प्रत्यक्षात ईमेल कुशल विचारून सुरू होतो, दीर्घकालीन व्यावसायिक संबंधांचा गौरव करतो, गुणवत्तेविषयीच्या सामायिक बांधिलकीची आठवण करून देतो, आणि सदोष नगांचा उल्लेख पाचव्या वाक्यात, तोही ‘काही निरीक्षणे’ अशा नावाने येतो. गुरुवारच्या जागी ‘शक्य तितक्या लवकर’ असे पडले आहे. राजकोटच्या माणसाने हा ईमेल वाचून बाजूला ठेवला असेल तर त्याला दोष देता येणार नाही, कारण त्याच्याकडून काय हवे आहे हे त्यात कोठेच स्पष्ट लिहिलेले नाही.

असे का होते हे समजले तर उपायही सुचेल. चॅटजीपीटी, जेमिनाय, कोपायलट यांच्यामागे असलेली भाषा-प्रतिमाने (लँग्वेज मॉडेल) अफाट मजकुरावर घडवलेली असतात आणि आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येण्याचा संभव अधिक, हे ठरवत ती लिहीत जातात. त्यानंतर माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांवरून त्यांना आणखी वळण लावले जाते, आणि माणसांची पसंती बहुधा नम्र व सविस्तर उत्तराकडे झुकते. आपण एक ओळ देऊन ‘हे विनम्र कर’ म्हटले की उरलेली जागा जगभरच्या व्यावसायिक इंग्रजीतील सरासरी वाक्यांनी भरली जाणार, हे ओघानेच आले. गुरुवारी नग आले नाहीत तर मशीन बसून राहील ही गोष्ट आपल्या डोक्यात होती. यंत्रापुढे ती आलीच नाही.

म्हणून क्रम उलटा करून पाहावा, असे मी सुचवीन. काय घडले, आपल्याला काय हवे आहे, कधीपर्यंत हवे आहे आणि ते न झाल्यास आपण काय करणार, हे प्रथम स्वतःच्या शब्दांत लिहावे. मराठी-गुजराती मिसळले तरी बिघडत नाही. मग यंत्राकडून लिहून घेण्याऐवजी त्याला वाचायला सांगावे: ‘तू पुरवठादार आहेस असे समजून हे वाच. तुझ्याकडून काय अपेक्षित आहे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि उत्तर देण्यासाठी तुला कोणती माहिती कमी पडते ते सांग.’ त्याने सांगितलेला अर्थ आपल्या मनातल्या अर्थाशी जुळला नाही तर पुरवठादाराच्याही बाबतीत तेच होण्याची शक्यता मोठी असते. एआयचा कार्यालयातील सर्वांत चांगला उपयोग, माझ्या मते, असा पहिला वाचक म्हणून आहे. त्रयस्थ वाचक शेजारच्या टेबलावर नेहमी मोकळा सापडत नाही, आणि सापडला तरी तो स्पष्ट बोलेलच असे नाही.

हा टप्पा झाल्यावर भाषेची सफाई अवश्य करून घ्यावी, मात्र मर्यादा घालून: शंभर शब्दांच्या आत, तारखा, नगसंख्या आणि चलन (मालासोबतची पावती) क्रमांक यांना हात न लावता, नवीन आश्वासन किंवा दिलगिरी न घालता. आपला ईमेल मराठीत मांडला तर तो साधारण असा होईल: ‘आपल्या ८ तारखेच्या चलनानुसार आलेल्या ४०० नगांपैकी ३७ नगांत ब्लोहोल आढळले असून छायाचित्रे सोबत जोडली आहेत. बदली नग गुरुवार, १८ तारखेपर्यंत मकरपुऱ्यात पोहोचतील का, हे कृपया उद्या दुपारी १२ पर्यंत कळवावे. सर्व नग शक्य नसल्यास किती नग कधी मिळतील ते लिहावे, म्हणजे आम्हाला मशीनचे नियोजन बदलता येईल.’ यात गोड विशेषणे नाहीत, पण उद्धटपणाही नाही. मागणीचे कारण सांगितले आहे आणि समोरच्याला अडचण मांडायला वाट ठेवली आहे; सौजन्य त्यातच आले.

आपल्या साहेबांना हवे असल्यास संशोधनाचा आधारही दाखवता येईल, पण तो नीट वाचावा लागेल. २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात ४५३ सुशिक्षित व्यावसायिकांना प्रसिद्धिपत्रक, छोटा अहवाल, नाजूक विषयावरचा ईमेल अशी लेखनकामे दिली होती. ज्यांना चॅटजीपीटी वापरता आले त्यांचा वेळ सरासरी ४० टक्क्यांनी कमी झाला आणि लेखनाचा दर्जा १८ टक्क्यांनी उंचावला. आकडे चांगले आहेत. परंतु ती कामे स्वयंपूर्ण होती, त्यांना कोणत्याही विशिष्ट कार्यालयाची पार्श्वभूमी लागत नव्हती, आणि दर्जा ठरवणारे परीक्षक होते; समोरच्या पुरवठादाराने माल पाठवला की नाही, हे तेथे मोजायचे नव्हते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात ग्राहकसेवेतील ५,१७९ कर्मचाऱ्यांना एआयने उत्तरे सुचवली, तेव्हा कामाचा वेग सरासरी १४ टक्क्यांनी, पण नवख्यांचा ३४ टक्क्यांनी वाढला, आणि मुरलेल्या कर्मचाऱ्यांना जवळजवळ फरक पडला नाही. तेथील यंत्रणा त्याच कंपनीच्या संवादांवर तयार केलेली होती, त्यामुळे चांगल्या कर्मचाऱ्यांच्या बोलण्याची पद्धत नवख्यांपर्यंत पोहोचली. आपणही खात्यातल्या एखाद्या अनुभवी माणसाचे दोन-तीन जुने, नेमके ईमेल नावे व दर वगळून नमुना म्हणून देऊन पाहावेत. ‘विनम्र कर’ या आज्ञेपेक्षा तो नमुना पुष्कळ अधिक काम करील.

प्रश्न : मी वाघोडिया रस्त्यावरील एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. यंत्रांच्या पुस्तिका इंग्रजीत आहेत आणि ऑपरेटर गुजराती व हिंदी वाचणारे आहेत. सुरक्षिततेच्या सूचना एआयकडून भाषांतरित करून फलकावर लावल्या तर चालेल का?

उत्तर : मसुद्यासाठी चालेल, थेट फलकावर चालणार नाही. साधने पुष्कळ आहेत. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा भाषांतराचा उपक्रम जुलै २०२२ मध्ये आपल्याच राज्यात, गांधीनगरला सुरू झाला आणि त्यात गुजराती, हिंदी, मराठी या तिन्ही भाषा आहेत. इतर परिचित एआय साधनांनाही या भाषा येतात. अडचण येते ती ठरावीक ठिकाणी: नकार, आकडे व एकके, आणि सुट्या भागांची नावे.

नकाराचा धोका सर्वांत मोठा आहे. ‘वीजपुरवठा खंडित केल्याशिवाय झाकण उघडू नये’ अशा दुहेरी नकाराच्या वाक्यातला एक नकार भाषांतरात गळला तर सूचना उलटी होते. म्हणून मूळ इंग्रजी वाक्यच आधी सोपे करून घ्यावे: ‘प्रथम मेन स्विच बंद करा. त्याला कुलूप लावा. मग झाकण उघडा.’ एका वाक्यात एकच कृती ठेवली की यंत्राला चुकायला आणि ऑपरेटरला गोंधळायला जागा राहत नाही. बेअरिंग, कपलिंग, स्पिंडल, चक हे शब्द तुमच्या शॉपफ्लोअरवर जसे बोलले जातात तसेच ठेवायचे आहेत, अशी यादी भाषांतराच्या आधी यंत्राला द्यावी, नाहीतर ते शुद्ध पण कोणालाच न कळणारे प्रतिशब्द घडवून देईल. (आधी शब्द ठरवायचे आणि मग लिहायचे, ही रीत बडोद्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, राज्यकारभारातील शब्दांचा आठ भाषांतील कोश येथे प्रसिद्ध झाला होता.)

मसुदा तयार झाल्यावर नव्या संभाषणात, मूळ मजकूर न दाखवता, तो पुन्हा इंग्रजीत आणवून मुळाशी ताडून पाहावा. त्यानंतर ज्याने ती पुस्तिका कधी पाहिलेली नाही अशा ऑपरेटरला सूचना वाचायला देऊन, यंत्र बंद असताना, ‘आता काय कराल ते करून दाखवा’ असे सांगावे. ‘समजले का?’ असे विचारू नये. सुपरवायझरने विचारल्यावर सगळे ‘हो साहेब’च म्हणतात. फलकावर जबाबदार अभियंत्याची सही आणि तारीख असावी, म्हणजे पुढे यंत्रात बदल झाला तर जुनी सूचना ओळखता येईल.

प्रश्न : आमच्या ऑनलाइन बैठकांची टिपणे आता आपोआप तयार होतात. मागच्या बैठकीत मी ‘जमते का ते पाहतो’ एवढेच म्हटले होते. इतिवृत्तात मात्र ते काम मी १५ तारखेपर्यंत पूर्ण करीन असे आले. अशा टिपणांवर किती विश्वास ठेवावा?

उत्तर : अशी टिपणे दोन पायऱ्यांनी तयार होतात: प्रथम बोलणे अक्षरांत उतरते आणि मग त्या मजकुराचा सारांश होतो. चूक दोन्ही ठिकाणी होऊ शकते. ‘व्हिस्पर’ या प्रसिद्ध श्रुतलेखन-प्रणालीची तपासणी केलेल्या अमेरिकी संशोधकांना २०२४ साली सुमारे एक टक्का उताऱ्यांत कोणीही न उच्चारलेली वाक्ये किंवा वाक्यांश सापडले, आणि बोलण्यात लांब विराम असले की हा प्रकार वाढत होता. त्यात आपल्या बैठकांतून एकाच वाक्यात तीन भाषा येतात. सारांश करणाऱ्या यंत्राचा कलही प्रत्येक चर्चेतून काम, व्यक्ती आणि मुदत शोधून काढण्याकडे असतो, त्यामुळे अर्धवट होकाराचा पूर्ण होकार होतो. आपल्या बाबतीत बहुधा तेच झाले आहे.

बैठक संपण्यापूर्वी अध्यक्षांनी काय ठरले, कोण करणार आणि कधीपर्यंत, हे एका भाषेत सावकाश बोलून दाखवावे. टिपणही त्यामुळे सुधारते आणि गैरसमज असेल तर जागीच कळतो. टिपण त्याच दिवशी सर्वांकडे जावे, दुरुस्तीला एक दिवस मिळावा, आणि त्यानंतरच ते इतिवृत्त मानले जावे. बोलणे ध्वनिमुद्रित होत आहे हे सुरुवातीलाच सर्वांना सांगणे आवश्यक आहे. आपण आजच लेखी दुरुस्ती पाठवावी. १५ तारीख उलटल्यावर पाठवलेली दुरुस्ती सबब वाटते.

प्रश्न : सहकाऱ्याच्या वडिलांचे निधन झाले. विभागातर्फे सांत्वनपर संदेश एआयकडून लिहून घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार होऊन तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले, तेव्हा व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी महाविद्यालयातील एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना पाठवलेल्या संदेशाच्या तळाशी तो चॅटजीपीटीच्या मजकुरावरून केल्याची नोंद होती. विद्यार्थी दुखावले आणि कार्यालयाला माफी मागावी लागली. दुखावण्याचे कारण व्याकरण नव्हते, यंत्राकडून लिहून घेतलेले सांत्वन होते. तुम्ही त्या वडिलांना भेटला असाल तर ती एक आठवण लिहा, नसाल तर रजेच्या काळात त्याचे काम कोण पाहणार आहे ते लिहा. दोन ओळी पुरतात.

प्रश्न : मी रावपुऱ्यातील एका वित्तसंस्थेत ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे लिहितो. ग्राहकाचे पत्र जसेच्या तसे एआयला दिले तर काम लवकर होते. यात काही गैर आहे का?

उत्तर : आहे, आणि ते आपल्या नोकरीवर बेतू शकते. सॅमसंगच्या अभियंत्यांनी अंतर्गत संगणकीय कोड चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाल्यावर त्या कंपनीने मे २०२३ मध्ये अशा साधनांच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना कार्यालयीन उपकरणांवर एआय साधने वापरू नयेत असे कळवले, ते गोपनीयतेच्याच कारणासाठी. ग्राहकांच्या वैयक्तिक माहितीबाबत संस्थेची जबाबदारी डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने ठरवून दिली आहे. नाव आणि खाते क्रमांक खोडणे पुरेसे असतेच असे नाही. शाखा, तारीख आणि कर्जाची रक्कम एकत्र आली की माणूस ओळखू येतो. तक्रारीचा प्रकार आपल्या शब्दांत मांडावा आणि ‘व्याजआकारणीबाबतच्या तक्रारीला उत्तराचा आराखडा दे’ एवढेच मागावे.

उत्तरातला प्रत्येक नियम, दर आणि मुदत संस्थेच्या परिपत्रकाशी पडताळणेही आपलेच काम राहते. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने एका प्रवाशाला शोकप्रसंगी मिळणाऱ्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने तो फेटाळून कंपनीला सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. आपल्या संस्थेला ही साधने खरोखर हवी असतील तर ती संस्थेने रीतसर घ्यावीत, आणि दिलेला मजकूर प्रतिमानाच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाणार नाही, तो किती दिवस आणि कोठे साठवला जाईल, एवढे करारात लिहून घ्यावे. तोपर्यंत मोफत आवृत्तीत ग्राहकाचे पत्र टाकू नये.