ऋणनिर्देशात माईंचे स्थान

प्रश्न : गोवा विद्यापीठाला सादर करायचा माझा पीएच.डी.चा मराठी प्रबंध पूर्ण होत आला असून ऋणनिर्देशाचे पान तेवढे अडले आहे. गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवीचे) सामान जमवण्यापासून नेवऱ्या तळण्यापर्यंत सगळे माझ्या सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, एकट्यांनी केले आणि मला वरच्या खोलीत लिहायला पाठवले. त्यांचे नाव मार्गदर्शकांच्या आधी घातले तर चालेल का? पणजीच्या पुराभिलेख खात्यातील एका कर्मचाऱ्यांचे उपकारही विसरता येत नाहीत.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आपले पत्र वाचून फार बरे वाटले. आधी मार्गदर्शक, मग विभाग, ग्रंथालय आणि शेवटी घर हा रूढ क्रम तसाच ठेवावा, कारण मार्गदर्शकांचे ऋण वेगळ्या जातीचे असते आणि माईंना मान देण्यासाठी त्यांना मागे सारण्याची गरज नाही. माईंचा मान त्यांच्याविषयीच्या वाक्यात असेल. ‘कुटुंबीयांचे मोलाचे सहकार्य लाभले’ हे वाक्य कितीतरी प्रबंधांत सापडते, पण त्यात घरातले एकही माणूस दिसत नाही. आपण मला लिहिलेले चवथीचे वाक्यच तिथे घाला आणि त्या दिवसांत कोणते प्रकरण हातावेगळे झाले तेही नोंदवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार वाङ्मयचौर्याच्या तपासणीतून ऋणनिर्देश वगळला जातो. पण म्हणून या पानावर उसनी वाक्ये यावीत, याचे मला नेहमी वाईट वाटते.

पुराभिलेख खात्यातील त्या गृहस्थांना ‘सर्व कर्मचारीवर्ग’ या शब्दांत मिसळू नका. त्यांनी कोणती पोर्तुगीज नोंदवही किंवा कोणते दप्तर शोधून दिले ते स्पष्ट लिहिले, तर पुढच्या अभ्यासकालाही माग मिळेल. मात्र प्रबंध पुढे ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर सर्वांना खुला होतो, तेव्हा नाव घालण्याआधी त्यांची संमती घ्यावी.

आणि माईंचे नाव. घरात सगळे त्यांना माई म्हणतात, पण लग्नात नाव बदलण्याची चाल आपल्याकडे होती. म्हणून छापायचे ते माहेरचे की सासरचे, हे त्यांनाच विचारा, आणि प्रबंध बांधणीला देण्यापूर्वी ते पान त्यांच्याजवळ बसून मोठ्याने वाचून दाखवा.